कोठारातला काचेचा साक्षीदार

"कुणाचाही विश्वास बसणार नाही!" शिडीच्या टोकावर उभं राहून काकानं जाहीर केलं. "पण एकदा वादळात आमच्या बेकरीचं छप्पर उडालं, तेव्हा मी ते एका हातानं धरून ठेवलं आणि दुसऱ्या हातानं पाव भाजत राहिलो. एकही पाव करपला नाही!"

"आणि छप्पर?" खालून त्याच्या धाकट्या पुतण्यानं, शेपूटनं, विचारलं.

"छप्पर थोडं करपलं."

काकाच्या सगळ्या गोष्टी अशाच सुरू व्हायच्या आणि अशाच संपायच्या. त्यातलं पाणी आटवलं तर खाली वाटीभरसुद्धा खरं उरलं नसतं. पण यंदाच्या सुट्टीत जे घडलं, ते काकाच्या कुठल्याही थापेपेक्षा अचाट होतं, आणि मजा म्हणजे ते सगळं खरं होतं!

झालं असं, की आईच्या मामांनी जाताना आपलं जुनं धान्याचं कोठार आईच्या नावावर केलं. वस्तीच्या कडेला, शेताला लागून उभं होतं ते. दगडी भिंती, हत्ती शिरेल असं दार, माणसाच्या मिठीत न मावणाऱ्या तुळया, आणि खिडकी म्हणाल तर एकही नाही! आत उंदरांच्या कित्येक पिढ्या नांदत होत्या. घरातली माणसं आत आली, तेव्हा उंदरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं घरमालक नव्या भाडेकरूंकडे बघतो.

"याचंच घर करायचं," आई म्हणाली. "आपल्या हातांनी!"

करायलाच हवं होतं. राहत्या दोन खोल्या सुट्टी संपायच्या आत मालकाला परत द्यायच्या होत्या. तोवर कोठार राहण्याजोगं झालं नाही, तर आईबाबा बाबांच्या दुकानामागच्या खोलीत राहणार आणि मुलांची रवानगी दूरच्या गावी आत्याकडे होणार, हे ठरलेलं होतं. आत्या मनानं चांगली होती. पण तिच्या घरात कुणी मोठ्यानं हसलं, की ती आधी दारं-खिडक्या लावून घ्यायची.

भिंगला तर आत्याकडे अजिबात जायचं नव्हतं! भिंग म्हणजे घरातली थोरली. बाबा घड्याळजी. त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग ही पोरगी सतत पळवायची आणि मुंगीच्या मिशांपासून आत्याच्या पत्रावरच्या तिकिटापर्यंत सगळं न्याहाळत बसायची, म्हणून ती भिंग. तिचा धाकटा भाऊ दिवसभर तिच्या मागे मागे, म्हणून तो शेपूट. आणि काकाचा मुलगा, तिचा चुलतभाऊ, बेकरीत वाढलेला, तो अर्थातच बिस्कीट.

कोठाराच्या माळ्यावर, पोती वर ओढून घेण्यासाठी केलेली एक झडप होती. ती उघडली की शेत, ओढा, पलीकडचा रस्ता, सगळं एका नजरेत दिसायचं. भिंगनं ती जागा पाहता क्षणीच आईच्या शिवणाच्या खडूनं जमिनीवर रेघ मारली होती आणि लिहिलं होतं: 'येथून पुढे भिंगचं राज्य. शेपूटनं विचारून यावं.'

"विचारलं तर येऊ देशील?" शेपूटनं विचारलं होतं.

"नाही. पण विचारावं."

काम मात्र जोरात सुरू होतं आणि प्रत्येक जण ते आपापल्या धंद्याच्या रीतीनं करत होता, तिथंच सगळी गंमत होती! बाबांना सवय घड्याळाच्या स्क्रूची. एक बिजागरी बसवायला त्यांना अख्खी सकाळ लागे. खिळासुद्धा ते चिमट्यात धरून, श्वास रोखून ठोकत. आई शिवणकाम करणारी. प्रत्येक फळी कापताना ती म्हणायची, "दोन बोटं शिलाईला सोडा!" त्यामुळे न्हाणीघराचं दार चौकटीपेक्षा मोठं झालं आणि सगळे त्याच्याभोवती विचार करत उभे राहिले.

"आता याला दुमड कशी घालायची?" आईनं विचारलं.

आणि काका? काका बेकरीवाला. बेकरी काकूवर सोपवून तो मदतीला आला होता. तो गिलावा कणकेसारखा मळायचा, त्यावर ओलं फडकं टाकायचा आणि फुगतोय का ते बघत बसायचा! कुठलीही वस्तू मोडली की त्याचं एक वाक्य ठरलेलं: "जगात दोनच गोष्टी पक्क्या चिकटतात. एक मैदा आणि दुसरे नातेवाईक!"

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. मग मागच्या भिंतीशी रचलेल्या जुन्या पेंढ्या हलवल्या, आणि सगळ्यांचं हसू आटलं.

भिंतीला भेग होती. जमिनीपासून थेट माळ्यापर्यंत गेलेली, नकाशातल्या नदीसारखी!

कचेरीतून पाहणीच्या बाई आल्या. चष्मा, हातात छत्री, बोलणं मोजकं. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं.

"जुनी असेल तर काळजी नाही," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावर आठी असते, तशी. पण अजून वाढत असेल, तर इथं कुणी राहायचं नाही."

"ते कळणार कसं?" बाबांनी विचारलं.

"काच लावा. भेगेवर आडवी, पातळ पट्टी, दोन्ही टोकं पुट्टीनं घट्ट बसवून. काचेला वाकता येत नाही. भिंत केसभर जरी हलली, तरी ती मधोमध तडकते. हा तुमचा साक्षीदार! खाली एक, मध्ये एक, वर एक लावा. शनिवारी येऊन बघते. शाबूत असतील तर खुशाल राहा. वाढती भेग निघाली, तर ही भिंत उतरवावी लागेल. आणि भिंत उतरली की छप्पर काही हवेत राहणार नाही."

"मी धरीन की!" काका म्हणाला.

पाहणीबाई हसल्या नाहीत.

खालच्या दोन काचा आईनं लावल्या. वरची लावायला काका चढला, कारण बाबांना दुसऱ्या पायरीवरच गरगरायचं. भिंतीला लागून बांबूची परांची बांधली होती. गिलाव्याची घमेली वर न्यायला तिच्यावर तिरकी फळी टाकलेली होती आणि पाय घसरू नये म्हणून फळीवर आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. काका त्या फळीवरून पुट्टीचा डबा घेऊन वर गेला. बराच वेळ वरून काही आवाज नाही. मग तो खाली उतरला, "आलोच, चहा पिऊन येतो," म्हणून बेकरीकडे गेला, परत आला, पुन्हा चढला.

"झालं!" तो वरून ओरडला. "आता भूकंप झाला तरी ही काच हलायची नाही!"

दुसऱ्याच दिवशी दुपारी, जेवून मोठी माणसं आडवी झाली होती आणि आवाज नको म्हणून मुलांना ओढ्यावर पिटाळलं होतं. मुलं परतली तेव्हा सगळे भिंतीशी मान वर करून उभे होते.

वरची काच फुटली होती!

काकानं नवी लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीही फुटली.

"भिंत वरून उघडतेय," बाबा हळूच म्हणाले. आई हातातली टेप गुंडाळत राहिली, उलगडत राहिली, पुन्हा गुंडाळत राहिली.

आणि दोन्ही दिवशी तिथं आणखी एक माणूस हजर होता. लाकडाच्या वखारीचा मालक! तो रोज दुपारी हातगाडी घेऊन यायचा आणि बोटाच्या पेरानं एकेक तुळई वाजवून बघायचा. टक, टक! मुलांनी त्याचं नाव टकटक ठेवलं होतं. गाडीच्या मागं त्याची शेळी बांधलेली असायची. तिचं नाव महाराणी, थाटही तसाच. पहिल्याच दिवशी तिनं आईचा ब्लाउजचा कागदी नमुना बाहीसकट खाल्ला होता.

"काय तुळया आहेत!" टकटक म्हणाला. "भिंत पडून वाया जाण्यापेक्षा मीच सगळं उतरवून नेतो. शनिवारी माणसं आणि दोरखंड घेऊन येऊ का?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं माळ्याकडे पाहिलं.

"शनिवारी सांगतो," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज 'हो' म्हटल्यासारखाच होता.

धान्याच्या रिकाम्या कणगीत तिघांची सभा भरली. आत बोललं की आवाज घुमायचा, त्यामुळे साधं बोलणंसुद्धा फार महत्त्वाचं वाटायचं.

"टकटकच फोडतो!" बिस्कीट म्हणाला. "तुळयांवर डोळा आहे त्याचा. दगड मारत असणार!"

"मग दगड कुठंय?" भिंग म्हणाली. "मी वर जाऊन आले. परांचीवर फक्त काचेचे तुकडे आहेत. आणि ऐका, काहीतरी विचित्र आहे. बाई काय म्हणाल्या? काच मधोमध तडकेल. म्हणजे दोन्ही टोकं भिंतीला चिकटून राहायला हवीत ना? वर भिंतीवर काहीही चिकटलेलं नाही! अख्खी काच आधी निखळली आणि मग पडून फुटली."

"मग पुट्टी कुठे गेली?" शेपूटनं विचारलं.

"तेच तर! भिंत अगदी चाटूनपुसून स्वच्छ आहे."

तिनं खिशातून एक तुकडा काढला. त्याच्या कडेला पिवळट, वाळका थर होता. तिनं बाबांचं भिंग डोळ्याला लावलं. "इथं खरवडल्याच्या रेघा आहेत. बारीक बारीक, शेजारी शेजारी. पण एकाच बाजूनं. काही चावलं तर वरून-खालून दोन्हीकडून खुणा होतात ना? इथं फक्त खालून आहेत."

"एका ओळीचे दात असलेला प्राणी!" शेपूटचे डोळे विस्फारले. "राक्षस!"

"राक्षसाला दोन ओळी असतात," बिस्कीट म्हणाला. "नाहीतर तो राक्षस कसला?"

"भांडू नका! आपल्याला दोन गोष्टी शोधायच्यात," भिंग म्हणाली. "भिंत खरंच हलतेय का, आणि वर कोण जातंय."

पहिल्या गोष्टीसाठी ती थेट बाबांच्या दुकानात गेली. मनगटी घड्याळांच्या जुन्या काचांच्या डबीतून तिनं एक गोल, सपाट, नखाएवढी पातळ काच घेतली आणि घड्याळाची काच बसवायचा डिंक घेतला. बाबा म्हणत, तो डिंक एकदा धरला की आयुष्यभर धरतो. मग वरच्या भेगेवर, एका तुळईच्या आडोशाला, कुणाच्या सहज नजरेत येणार नाही अशी तिनं ती काच चिकटवली. आता साक्षीदार दोन झाले. एक सगळ्यांना माहीत असलेला आणि एक गुपचूप!

दुसऱ्या गोष्टीसाठी बिस्कीटनं डोकं लढवलं. फुटक्या विटांचा चुरा करून तो त्यांनी चाळला. चाळण काकाची होती, मैद्याची, आणि तिला दुसरं काही लावायचं नाही असा घरात कडक कायदा होता.

"पप्पांना कळलं तर ते मलाच चाळतील," बिस्कीट म्हणाला.

"तू जाड आहेस, वरच राहशील," शेपूटनं धीर दिला.

शनिवारी दुपारी काकानं पुन्हा काच लावली, मोठी माणसं आडवी झाली आणि घोरण्याचे तीन वेगवेगळे सूर सुरू झाले. तिघांनी तिरक्या फळीवर लाल चुरा पातळसा पसरला. मग ते पुन्हा कणगीत जाऊन बसले आणि कणगीच्या भोकातून दाराकडे बघू लागले; भोक लहान, त्यातून दारातला बाक तेवढा दिसायचा. टकटक आला. आज त्याच्याबरोबर दोन माणसं आणि दोरखंडाची वेटोळी होती! माणसं बाहेर झाडाखाली लवंडली. टकटक दारातल्या बाकावर बसला, विडी काढली, परत ठेवली, आणि पाच मिनिटांत त्याचंही घोरणं सुरू झालं.

"हा तर झोपला!" बिस्कीट कुजबुजला.

"मग वर कोण..."

खळ्ळ!

तिघंही कणगीतून एकदम बाहेर पडायला गेले आणि अर्थातच अडकले. सुटून धावत परांचीशी आले. टकटक बाकावरच होता, तोंड उघडं. त्याच्या बुटांवर लाल चुऱ्याचा कणसुद्धा नव्हता.

पण फळीवर ठसे होते! छोटे, दुभंगलेले, जोडीजोडीनं, वर वर गेलेले.

"खुरं!" भिंग म्हणाली.

"थांब," बिस्कीटनं तिचा हात घट्ट धरला. "नीट बघ. सगळे ठसे वर जाताहेत. खाली येणारा एकही नाही."

तिघांनीही हळूहळू माना वर केल्या.

माळ्याच्या कडेवरून दोन पिवळे डोळे त्यांच्याकडे शांतपणे बघत होते. त्याखाली एक दाढी रवंथ करत हलत होती. महाराणी! भिंगच्या राज्यात, रेघेच्या बरोब्बर पलीकडे बसलेली!

"विचारून नाही आली!" शेपूट रागानं म्हणाला.

ते वर धावले. महाराणीच्या गळ्यात दोरीचा कुरतडलेला तुकडा लोंबत होता. शेपूटनं तिला ओढायला म्हणून तोंडाशी हात नेला, आणि तिनं त्याची बोटं कुरकुर चावली.

"आई गं... अरे! दुखलंच नाही!" त्यानं वाकून तिच्या ओठाखाली पाहिलं. "भिंगताई, हिला वर पुढचे दातच नाहीत! नुसती हिरडी! खालीच आहेत दात!"

भिंगनं खिशातला काचेचा तुकडा काढला, रेघा पाहिल्या, महाराणीचे दात पाहिले. "एका ओळीचे दात असलेला प्राणी," ती म्हणाली आणि आनंदानं उडीच मारणार होती, पण मध्येच थांबली. "पण शेळी पुट्टी कशाला खाईल? पुट्टीचा काय घाण वास येतो!"

बिस्कीट भिंतीशी उकिडवा बसला होता. काच जिथं होती तिथं थोडासा ओला, पिवळट थर उरला होता. त्यानं बोटानं तो खरवडला आणि, बेकरीतला पोरगा तो, सरळ जिभेवर ठेवला!

त्याचा चेहरा आधी गोड झाला, मग पडला.

"ही पुट्टी नाही," तो म्हणाला. "मैदा आणि साखरेचा पाक. पप्पा गोड पावाला वरून लावतात ना, ते."

काकाचं ते मध्येच खाली उतरणं, बेकरीत चहाला जाणं, सगळं आता भिंगला आठवत होतं.

"पप्पा थापा मारतात," बिस्कीट हळू आवाजात म्हणाला. "पण ते लबाड नाहीत गं."

"मला माहितेय," भिंग म्हणाली. "म्हणून काकाला आपण पकडायचं नाही. हीच पकडेल." आणि तिनं महाराणीच्या पाठीवर थोपटलं.

खालून छत्री आपटल्याचा आवाज आला. पाहणीबाई! आणि पाठोपाठ बाबांचं बोलणं, झोपेतून उठलेलं आणि थकलेलं: "...बघा ना, आज परत फुटली. आता काय उरलं? वखारवाले, तुम्ही घेऊन जा तुळया..."

"थांबा!" भिंग माळ्यावरून इतक्या जोरात ओरडली की टकटक बाकावरून खाली आला. "बाबा, शब्द देऊ नका! साक्षीदाराला कुणीतरी खाल्लंय!"

मग कुणाचाही विश्वास बसणार नाही अशी मिरवणूक तिरक्या फळीवरून खाली उतरली! पुढे शेपूट, मध्ये महाराणी, राणीसारखी एकेक पाऊल मोजून टाकत, आणि मागे शेपटी धरून बिस्कीट.

"माझी शेळी!" टकटक किंचाळला. "वर कशी गेली?"

"चालत," शेपूट म्हणाला. "रोज दुपारी."

"तरीच! तरीच रोज दोरी तोकडी होते आणि संध्याकाळी ही चाऱ्याला तोंड लावत नाही! मला वाटलं, रुसलीय!"

"पण शेळी काच कशाला पाडेल?" पाहणीबाईंनी विचारलं.

"चिकटवलेलं खायला. ते गोड होतं," भिंग म्हणाली.

"गोड? पुट्टी?" आईच्या कपाळाला भिंतीपेक्षा मोठी भेग पडली. "भाऊजी, वरची काच तुम्ही लावलीत ना? पुट्टीनंच ना?"

"म्हणजे काय वहिनी! पुट्टीच की! अगदी अस्सल, कंपनीची..."

काकाचं वाक्य तिथंच थांबलं, कारण महाराणीनं शेपूटच्या हातातून दोरी सोडवली, बाबांकडे ढुंकून पाहिलं नाही, टकटकला तर ओळखसुद्धा दिली नाही, आणि सरळ काकापाशी येऊन त्याचा उजवा हात चाटायला सुरुवात केली! आधी अंगठा, मग एकेक बोट. काकानं हात मागे लपवला, तर ती मागे गेली. काका गोल फिरला, तर तीही गोल फिरली. काकानं हात डोक्यावर धरला, तर ती मागच्या दोन पायांवर उभी राहून त्याच्या सदऱ्याची बाही चाटू लागली!

"हट्! अगं... गुदगुल्या होतात! बरं, बरं, सांगतो! डब्याचं झाकण माझ्याकडून उघडं राहिलं होतं. पुट्टीचा दगड झाला. वहिनी रागावतील म्हणून मी आपली थोडी खळ... मैदा चांगला चिकटतो हो! साखर घातली की अजूनच!"

सगळे हसायला लागले होते. आई हसली नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमच्या त्या खळीपायी माझी पोरं आत्याकडे निघाली होती."

काका गप्प झाला. काका गप्प झालेला कुणी कधी पाहिलाच नव्हता. महाराणीसुद्धा चाटायची थांबली. त्यानं भिंगकडे पाहिलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "चुकलो, वहिनी." पुढे काहीही जोडलं नाही. ना छप्पर, ना वादळ.

"ते सगळं ठीक," पाहणीबाई म्हणाल्या. "पण काच शेळीनं पाडली म्हणजे भिंत धडधाकट आहे असं होत नाही. वरचा साक्षीदार तर उरलाच नाही."

"उरलाय!" भिंग म्हणाली. "चला, दाखवते."

पाहणीबाई छत्री खाली ठेवून तिरक्या फळीवरून वर चढल्या. त्यांच्यामागे आई. आणि आईच्या मागे, डोळे घट्ट मिटून, एकेक पट्टी पायानं चाचपत, चक्क बाबा! तुळईच्या आडोशाला घड्याळाची ती गोल काच होती. भिंगनं बाबांचं भिंग बाईंच्या हातात दिलं. बाई कितीतरी वेळ बघत राहिल्या. खाली टकटकनं दोरखंड एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. भिंगनं श्वास रोखला होता, बाबा खिळा ठोकताना रोखतात तसाच.

"एक ओरखडा नाही," बाई शेवटी म्हणाल्या. "खालच्या दोन काचाही शाबूत आहेत. भेग जुनी आहे. मामांच्या काळातली असेल. ही काच मात्र काढू नका, वर्षभर इथंच राहू दे, मी येऊन बघत जाईन. सामान आणायला हरकत नाही."

"आणखी काही नको!" आई म्हणाली आणि तिनं भिंगला जवळ ओढलं, तेव्हा तिच्या ब्लाउजला लावलेली टाचणी भिंगच्या कानाला टोचली. भिंगला ती टाचणीसुद्धा आवडली.

"ही काच कुणाच्या डोक्यातून निघाली?" पाहणीबाईंनी विचारलं.

"काच ताईची, सापळा बिस्कीटदादाचा," शेपूट म्हणाला, "आणि दात माझे! म्हणजे, दात शेळीचे, पण बघितले मी!"

पहिल्यांदाच पाहणीबाई हसल्या. "भिंतीचं मी सांगितलं. पण या घराचे डोळे भिंतीपेक्षा पक्के आहेत! चार मोठी माणसं मान वर करून बघत होती. काच कशी पडली हे विचारायचं मात्र या तिघांनाच सुचलं."

"आमच्या दुकानात नोकरी देऊ का यांना?" बाबा म्हणाले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"आधी खाली कसं उतरायचं ते बघा," आई म्हणाली.

टकटकनं दोरखंड गाडीत टाकला आणि माणसांना परत पाठवलं. जाताना त्यानं सवयीनं एका तुळईवर बोट वाजवलं, आणि मग दार ओढून घेत म्हणाला, "राहा बाबा सुखानं. पण शेळीला आता काय घालू? चारा तर तिला गोड लागत नाही!"

सुट्टी संपायच्या आत कोठाराचं घर झालं. भिंतीत खिडक्या आल्या. न्हाणीघराच्या दाराची 'शिलाई' बाबांनी कानसेनं घासून, तब्बल आठवडाभरात, काढून टाकली. आणि भिंगच्या झडपेला काचेची दोन तावदानं लागली, अर्थात पुट्टीनं. काकानं ती स्वतः बसवली आणि डब्याचं झाकण घट्ट लावून आईला दाखवलं. राहायला आले त्या दिवशी शेजारीपाजारी, बेकरीतली गिऱ्हाइकं, काकू, पाहणीबाई, एवढंच काय टकटकसुद्धा महाराणीला घेऊन आला. नव्या दोरीनं बांधून!

माणसं जमली, चहा फिरला, आणि काकाला राहवेना. तो पायरीवर चढून उभा राहिला.

"कुणाचाही विश्वास बसणार नाही!" त्यानं सुरुवात केली. "पण मला पहिल्याच दिवशी संशय आला होता. म्हणून तर मी खळ मुद्दाम गोड केली. सापळा! नुसता सापळा! मग तो काचेचा तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि बघतो तर काय? खळीवर दातांच्या खुणा! वरचे चार, खालचे चार, अगदी स्पष्ट! मी तिथल्या तिथं म्हटलं, ही शेळीच!"

पाहुण्यांनी "वा, वा!" केलं. बिस्कीटनं कपाळाला हात लावला. भिंगनं भिंग डोळ्याला लावून काकाकडे रोखून पाहिलं. आणि शेपूट धान्याच्या कणगीवर चढला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"काका, थाप! शेळीला वर पुढचे दात नसतातच!"